विजेचा रोजमेळ

दुकानात दोन रुपयांचा फरक निघाला तरी आपण रात्री उशिरापर्यंत वही मिटत नाही. मात्र त्याच घरात महिन्याला काही हजारांचे वीजबिल येते आणि आपण फक्त शेवटचा आकडा पाहतो, कपाळाला आठी घालतो आणि पैसे भरून मोकळे होतो. माल किती आला, कोठे गेला, कोणी नेला, याची विचारणा होत नाही. जेथे वही नसते, तेथे संशय असतो. याचा अनुभव आमच्याच घरात आला, तो येथे मांडतो.

आमचे कुटुंब नऊ माणसांचे. थोरले बंधू वरच्या मजल्यावर, आम्ही खाली, स्वयंपाक एक आणि मीटरही एकच. पुतण्याच्या लग्नानंतर त्याच्या खोलीत एसी बसला. मार्चचे बिल ३४८ युनिटचे होते, एप्रिलचे ५२७ युनिटचे आले. जेवताना मी सर्वांसमक्ष बोलून गेलो, "नव्या एसीने घर धुऊन नेले." सूनबाई काही बोलली नाही. पुढचे चार दिवस त्या खोलीतला एसी रात्री बंद राहिला, हे मला उशिरा कळले.

पाचव्या दिवशी ती दोन्ही बिले घेऊन माझ्यासमोर बसली. दुकानाची खतावणी तीच पाहते. म्हणाली, "काका, आपण गिऱ्हाइकाच्या नावे रक्कम लिहितो ती अंदाजाने की चिठ्ठी पाहून?" मी निरुत्तर झालो.

पहिली चूक : दिवस न मोजणे

तिने प्रथम बिलावरील मागील आणि चालू रीडिंगच्या तारखा दाखवल्या. मार्चचे बिल २९ दिवसांचे होते, एप्रिलचे ३४ दिवसांचे. म्हणजे मार्चमध्ये रोज १२ युनिट आणि एप्रिलमध्ये रोज साडेपंधरा. वाढलेल्या १७९ युनिटांपैकी ६० युनिट केवळ पाच दिवस जास्त धरल्याने आले होते. खरी वाढ ११९ युनिटांची. मला ती दीडपट वाटत होती, प्रत्यक्षात रोजचा वापर तीस टक्क्यांहून थोडा कमी वाढला होता.

म्हणून तुलना करताना रुपये बाजूला ठेवावेत. दर, स्थिर आकार, वीज शुल्क हे सारे बदलत असते. युनिट घ्यावेत, त्यांना दिवसांनी भागावे आणि शक्य तर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहावे. जानेवारीची तुलना मे महिन्याशी करणे म्हणजे दिवाळीच्या विक्रीची तुलना श्रावणाशी करण्यासारखे आहे.

दुसरी पायरी : खातेवार विभागणी

एक युनिट म्हणजे एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालणे. उपकरणावर छापलेले वॅट गुणिले तास, भागिले एक हजार, एवढेच गणित. पण फ्रीज आणि एसी यांचा कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो किंवा कमीजास्त वेगाने फिरतो, म्हणून तेथे केवळ छापील आकडा उपयोगी पडत नाही, प्रत्यक्ष मोजावे लागते.

एसीच्या लाइनवर आमच्या वायरमनने छोटा सबमीटर बसवून दिला. फ्रीजसाठी संधी आपोआप आली. एका रविवारी सारे घर लग्नाला गेले. निघताना फ्रीज सोडून सर्व काही बंद केले आणि मीटरचे रीडिंग लिहून ठेवले. दहा तासांनी परत आलो तेव्हा १.४ युनिट वाढले होते. म्हणजे चोवीस तासांत जवळजवळ ३.४ युनिट.

मग रोजच्या साडेपंधरा युनिटांची तेरीज अशी निघाली : ७५ वॅटचे सात पंखे सरासरी बारा तास, ६.३ युनिट. जुना फ्रीज ३.४. एसी २.६. पाण्याची मोटर सुमारे १. दहा एलईडी दिवे पाच तास, अर्ध्या युनिटाहूनही कमी. टीव्ही, वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सर, राउटर मिळून दीड युनिट. बेरजेत पाव युनिटाचा फरक राहिला, तो आम्ही किरकोळ खाती टाकला.

ज्या एसीवर मी सारा बोजा टाकला होता, त्याचा वाटा एक षष्ठांश. पंख्यांचा चाळीस टक्के. आणि पंख्यांखाली मीही निजत होतो. उन्हाळ्यात ते आमच्याच खोल्यांत दिवसरात्र फिरत होते.

तिसरी पायरी : शेवटचे युनिट कोणाचे?

महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो : पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० त्याहून महाग, ३०१ पासून पुढे आणखी महाग. एकत्र कुटुंबात यावरूनच वाद होतो. प्रत्येकाला वाटते, आपली युनिट पहिली आणि महागडी शेवटची युनिट दुसऱ्याची. पण मीटरमधून सर्वांची वीज एकाच वेळी जाते, तेथे पहिला-शेवटचा असा क्रम नसतो. त्यामुळे खर्च वाटून घेताना एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून येणारा सरासरी दरच सर्वांना लावावा. बचतीचा हिशेब मात्र वेगळा आहे. वाचवलेले युनिट सर्वांत वरच्या टप्प्यातून कमी होते, म्हणून त्याची किंमत सरासरीहून जास्त धरावी.

शेजाऱ्यांशी तुलना करतानाही अशीच दक्षता हवी. शेजारच्या तीन माणसांच्या घरी महिन्याला २४० युनिट लागतात, म्हणजे माणशी रोज २.७. आमचे घर उधळे वाटत होते, पण आमच्याकडे माणशी १.७ च पडते. एक फ्रीज, एक मोटर, एक दिवाणखाना नऊ जणांत वाटला जातो. एकत्र राहण्याचा हाही एक नफाच आहे.

मग काय बदलावे?

आमचा फ्रीज वर्षाला सुमारे १,२४० युनिट घेत होता. नव्या फ्रीजच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. तो आकडा २५० असेल, तर सुमारे एक हजार युनिट वाचतात. खरेदी करताना केवळ तारे मोजू नयेत. निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांइतके नसतात. लेबलवरील वर्ष आणि युनिट दोन्ही वाचावेत.

सात पंखे ३० वॅटच्या बीएलडीसी पंख्यांनी बदलले, तर उन्हाळ्यात रोज पावणेचार युनिट वाचतात. म्हणजे एसी पूर्ण बंद करून जे वाचले असते, त्याहून जास्त, तेही कोणाची झोप न मोडता. आम्ही आधी फ्रीज घेतला, पंखे दर महिन्याला दोन याप्रमाणे बदलतो आहोत.

वाचकहो, आपणही एक छोटी वही मीटरजवळ टांगा. दर रविवारी ठरल्या वेळी रीडिंग लिहा. वर्षातून एकदा घरातली सर्व उपकरणे बंद करून मीटरवरचा लुकलुकणारा दिवा पाहा. तो तरीही लुकलुकत असेल, तर कोठेतरी वीज झिरपते आहे. वायरमनला बोलावून शोध घ्या.

आमच्या वहीच्या पहिल्या पानावर तेरीज लिहून झाली, त्या रात्री जेवताना मी सूनबाईला सर्वांसमक्षच म्हणालो, "हिशेब माझा चुकला होता." व्यापाऱ्याला हे वाक्य उच्चारणे जड जाते. पण ज्यांच्यासमोर खोटी नोंद झाली, त्यांच्यासमोरच ती खोडली पाहिजे. थोरल्या बंधूंनी पुतण्याकडे पाहून एवढेच म्हटले, "आज उकाडा फार आहे. एसी लावून झोपा."