सोनफुलांची ओळख : रंगावर जाऊ नये

वडसा (देसाईगंज) : शहरातील फूलबाजारात गुलाबाच्या जुडीभोवती जे पिवळे, नाजूक तुरे खोचलेले असतात, त्यांना फूलविक्रेते 'गोल्डन रॉड' म्हणतात. वनस्पतिशास्त्रात या वनस्पतीच्या प्रजातीला 'सॉलिडॅगो' असे नाव आहे. तिच्या शंभराहून अधिक जाती असून त्यांतील बहुतेक उत्तर अमेरिकेतील आहेत. भारतात हिमालयाच्या उतारांवर ती रानात आढळते. महाराष्ट्रातील तुरे मात्र शेतात लागवड करून बाजारात आलेले असतात. या जाती ओळखताना भल्याभल्या वनस्पतिशास्त्रज्ञांची कसोटी लागते, कारण त्या दिसायला सारख्या असतात आणि त्यांचा आपसांत संकरही होतो. तुऱ्याखालचे खोड गुळगुळीत आहे की लवयुक्त, पानावर मुख्य शिरा एक आहे की तीन, एवढ्याशा फरकावर जातीचा निर्णय अवलंबून असतो.

ही अडचण अमेरिकेपुरती नाही. गोल्डन रॉड ज्या सूर्यफूल कुलातील आहे, त्याच कुलातील डझनावारी वनस्पती वैनगंगेच्या काठी, धानाच्या बांधांवर आणि झाडीपट्टीच्या जंगलाच्या कडेने पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत फुलत असतात. त्यांतील काही औषधी आहेत, काही अपायकारक आहेत आणि काही परदेशातून येऊन येथेच रुळल्या आहेत. रंग आणि बोलीतील नाव या दोहोंवरच विसंबून त्यांची ओळख ठरविली, तर औषधाऐवजी विष हाती येण्याचा संभव असतो. म्हणूनच ही ओळख पटविण्याची रीत समजून घेणे अगत्याचे आहे.

फूल दिसते एक, असतात अनेक

झेंडू, शेवंती, सूर्यफूल, करडई ही सारी याच कुलातील मंडळी. जगातील सपुष्प वनस्पतींपैकी सुमारे दहा टक्के जाती या एका कुलात मोडतात. त्याचे जुने नाव 'कंपोझिटी', आजचे 'ॲस्टरेसी'. आपण ज्याला सूर्यफुलाचे एक फूल म्हणतो, तो प्रत्यक्षात शेकडो चिमुकल्या फुलांचा दाट फुलोरा असतो. मराठीत त्याला 'स्तबक' म्हणतात. कडेने पाकळ्यांसारखी दिसणारी ती किरणपुष्पके आणि मध्यभागी गर्दी करून असलेली ती बिंबपुष्पके. या साऱ्यांना खालून आधार देणाऱ्या हिरव्या, छोट्या पानांच्या वर्तुळाला छदमंडल म्हणतात. पुष्पकाचे एकबीजी फळ होते आणि त्याच्या माथ्यावर पुष्कळदा केसांचा झुबका असतो. वाऱ्यावर तरंगत येणारी 'म्हातारी' अशीही असते.

फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंरी कासिनी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी या कुलाची विभागणी केली, ती याच बारीक अवयवांच्या आधारे. पुढे जनुकीय अभ्यासानंतर त्या मांडणीत फेरबदल झाले. तरी त्यांनी केलेल्या गटांपैकी बरेच गट टिकून राहिले. या वर्गीकरणानुसार गोल्डन रॉडचा आपल्याकडील जवळचा नातेवाईक शोधू गेल्यास उत्तर अनपेक्षित येते. तो उंच पिवळ्या तुऱ्यांचा नसून माशीपत्री हा आहे. नदीच्या वाळूत आणि ओल ओसरलेल्या शेतात जमिनीलगत पसरणारी, पिवळ्या बटणांसारखे, पाकळ्या नसलेले स्तबक धरणारी ही बुटकी वनस्पती गोल्डन रॉडच्याच गटातील आहे. उलट, बागेतून निसटून रस्त्याच्या कडेने फोफावणारा नारिंगी-पिवळा कॉसमॉस रंगाने उठून दिसतो. पण तो सूर्यफुलाच्या जवळचा, मूळचा मेक्सिकोकडील. पिवळेपणावरून नाते ठरत नाही, ते असे.

जागा आणि हंगाम : पहिली खूण

रानात वनस्पती ओळखताना ती कोठे आणि केव्हा फुलली आहे, हे प्रथम पाहावे. गोंदिया-चंद्रपूर लोहमार्गावरील वडसा स्थानकातून बाहेर पडून नदीकडे वा जंगलाकडे निघालेल्या माणसाला थोड्या अंतरातच तीन-चार प्रकारच्या जागा लागतात. रस्त्याकडेच्या पडीक जमिनीत एकदांडी बारा महिने दिसते. समोरासमोर पाने, लांब उघड्या दांड्यावर एकच स्तबक, कडेची किरणपुष्पके फिकट आणि मध्य पिवळा. तिचे नाव त्या दांड्यावरूनच पडले आहे. धानाच्या बांधावर, ओलीच्या जागी पांढऱ्या फुलांचा माका असतो. धान निघाल्यावर त्याच बांधीत गोरखमुंडी वर येते. तिचा जांभळा गेंद हा केवळ स्तबक नसून अनेक स्तबकांचा मिळून झालेला गोळा असतो आणि तिच्या खोडाला पानांच्या कडा पंखांसारख्या चिकटलेल्या असतात. हिवाळ्याच्या अखेरीस रिकाम्या शेतात भांबुर्डी फुलते. तिचे पान चुरगळले की कापरासारखा उग्र वास येतो.

जागा आणि हंगाम यांमुळे शक्यता कमी होतात, निर्णय मात्र होत नाही. त्यासाठी वनस्पती हाती धरून पाहावी लागते.

सहदेवी की ओसाडी?

याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण म्हणजे सहदेवी आणि ओसाडी. दोन्ही गुडघाभर ते कमरेएवढ्या उंचीच्या, दोन्हींचे स्तबक लहान, जांभळट आणि किरणपुष्पके नसलेले. पावसाळ्यानंतर त्या पडीक जागी शेजारी-शेजारी उगवलेल्या दिसू शकतात. सहदेवी ही घरगुती उपचारांत तापावर पूर्वापार वापरली जाणारी वनस्पती आहे. ओसाडी मात्र अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आलेली असून तिच्यात यकृताला घातक ठरणारी पायरोलिझिडीन वर्गातील अल्कलॉइड द्रव्ये असतात. इथिओपियातील टिग्रे भागात यकृताच्या आजाराची जी साथ उद्भवली, तिचा संबंध धान्यात मिसळलेल्या ओसाडीच्या बियांशी असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे.

दोहोंतील फरक साध्या डोळ्यांनी दिसतो. सहदेवीची पाने खोडावर एकाआड एक असतात. ओसाडीची, निदान खालची, समोरासमोर असतात. सहदेवीच्या फळावर पांढऱ्या मऊ केसांचा झुबका असतो. ओसाडीच्या फळावर केस नसून टोकदार असे पाच खवले असतात आणि ते भिंगातून स्पष्ट दिसतात. ओसाडीचे पान चुरगळले असता बोकडासारखा दर्प येतो. तीन खुणा जुळल्याखेरीज 'हीच सहदेवी' असे म्हणू नये.

माक्याची गोष्ट थोडी निराळी. निघंटूंमध्ये भृंगराजाचे पांढरा, पिवळा व निळा असे भेद सांगितले आहेत. पांढऱ्या माक्याचे पान चुरगळले की त्याचा रस हवेत थोड्याच वेळात काळसर होतो. पिवळा माका ही निराळ्या प्रजातीतील वनस्पती. त्यात आता तिसरीची भर पडली आहे. शहरांतील उद्यानांत आणि रस्तादुभाजकांत जमीन झाकण्यासाठी लावली जाणारी 'वेडेलिया' ही मूळची उष्ण अमेरिकेतील; तिचे पान बहुधा तीन खंडांचे असते, तर पिवळ्या माक्याचे अखंड असते. दोघींची पिवळी फुले पाहून उद्यानातील वेल औषध समजून खुडणाऱ्याने निदान पानाचा आकार पाहावा.

निरपराधाला शिक्षा

चुकीच्या ओळखीचा फटका वनस्पतीलाही बसतो. अमेरिकेत शरद ऋतूत शिंका आणि डोळ्यांची खाज सुरू झाली की दोष गोल्डन रॉडला दिला जातो, कारण त्या दिवसांत तोच ठळकपणे फुललेला असतो. वास्तविक त्याचे परागकण जड व चिकट असून ते कीटकांवाटे वाहून नेले जातात. खरा अपराधी त्याच सुमारास फुलणारा 'रॅगवीड'. त्याची हिरवट फुले नजरेत भरत नाहीत आणि हलके परागकण वाऱ्यावर दूरवर पसरतात.

या रॅगवीडचा जवळचा आप्त म्हणजे आपल्याकडील गाजरगवत. पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास त्याची नोंद झाली आणि पुढील काही दशकांत ते देशभर पसरले. त्वचेचा दाह आणि श्वसनाचा त्रास यांसाठी ते कुप्रसिद्ध आहे. त्याच्या निर्मूलनासाठी मेक्सिकोतील भुंगेरे १९८०च्या दशकात भारतात आणण्यात आले. दरवर्षी ऑगस्टमध्ये निर्मूलन सप्ताह पाळला जातो, तेव्हा नाजूक, विभागलेल्या पानांच्या इतर वनस्पतीही सरसकट उपटल्या जाण्याचा संभव असतो. जमिनीलगत चक्राकार पसरलेली पाने, पुढे वाढणारे शिरा उठलेले खोड आणि फांद्यांच्या टोकांना पाच कोपऱ्यांचे, चार-पाच मिलिमीटरचे पांढरे स्तबक या खुणा एकत्र दिसल्या, तरच ते गाजरगवत समजावे. उपटताना हातमोजे घालावेत आणि फुले येण्यापूर्वीच उपटावे.

नावाची नोंद, हक्काची नोंद

गडचिरोली जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यानंतर देशभर हे काम घाईने झाले. गावाच्या हद्दीतील वनस्पतीचा व्यापारी उपयोग झाल्यास लाभातील वाटा मागण्यासाठी ही नोंदवही आधार ठरू शकते. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क ग्रामसभांना दिले. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी एक. हक्क कागदावर आला. पण त्या कागदावर वनस्पतीचे नाव चुकीचे असेल, तर हक्क कशावर सांगणार?

बोलीतील नावांचा अडसर येथेच येतो. 'अक्कलकारा' हे नाव त्याचा नमुना. आयुर्वेदातील अक्कलकारा ही उत्तर आफ्रिकेकडून येणारी मुळी. आपल्याकडे मात्र जिभेला झिणझिण्या आणणाऱ्या निराळ्याच पिवळ्या बोंडांच्या वनस्पतीला तेच नाव मिळाले आहे. झाडीबोली, गोंडी, माडिया आणि प्रमाण मराठी यांत एकाच वनस्पतीला निरनिराळी नावे असू शकतात. ती सारी नोंदवावीत, कारण त्यांत पिढ्यांचे ज्ञान आहे. त्यांच्यासोबत शास्त्रीय नावही हवे. तेही बदलते, हे ध्यानात ठेवावे. सहदेवी पूर्वीच्या पुस्तकांत 'व्हर्नोनिया सिनेरिया' म्हणून भेटते, तर आज 'सायान्थिलियम सिनेरियम' म्हणून. त्यासाठी जुने नावही लिहून ठेवणे सोयीचे.

मोबाइलवरील ओळख सांगणाऱ्या सुविधांमुळे हे काम सोपे झाले आहे. परंतु फुलाचे वरून घेतलेले एकच छायाचित्र त्यांनाही फसवते. पानांची मांडणी, खोड, स्तबकाची खालची बाजू आणि पिकलेले फळ अशी चार छायाचित्रे घ्यावीत. दहापट मोठे दाखविणारे भिंग जवळ ठेवावे. जागा, तारीख आणि वास वहीत टिपावा, कारण वास छायाचित्रात येत नाही. शंका उरल्यास जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे अथवा पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे वाळविलेला नमुना दाखविता येतो. १९५५ पासून कार्यरत असलेल्या या केंद्रात वनस्पतींच्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. आणि ओळख पक्की होईपर्यंत कोणतीही रानफुले पोटात घेऊ नयेत, मग ती कितीही ओळखीची वाटोत.