आठ पत्त्यांची सेना

पत्त्यांचा खेळ महाराष्ट्रास नवा नाहीं. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनीं रंगविलेले दशावतारी गंजिफाचे पत्ते ज्यांनीं पाहिले असतील, त्यांस मत्स्यापासून कल्कीपर्यंतचे दहा रंग आठवतील. प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एकापासून दहापर्यंतचीं पानें, अशीं एकूण १२० पानें. तिघांनीं बसावें, पानें वांटून घ्यावींत आणि आपल्या वांट्यास आलेल्या ४० पानांवर डाव चालवावा. कोणतीं पानें येतील हें दैवाच्या हातीं. बुद्धीचें काम त्यानंतर सुरू होतें.

१९९३ सालीं रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञानें 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ काढला व या जुन्या व्यवस्थेंत मूलगामी पालट घडविला. येथें दोघांचे पत्ते एकाच जोडांतून येत नाहींत. ज्यानें त्यानें आपण जमविलेल्या पत्त्यांतून निदान ६० पत्त्यांचा स्वतःचा संच आधींच निवडून आणावयाचा. दैव उरलें तें पिसण्यापुरतें. बुद्धीचें काम डावापूर्वींच, निवडीच्या वेळीं सुरू झालें. येडशीसारख्या गांवींही एखाद्या मुलाच्या मोबाईलवर युद्धाचे पत्ते दिसले, तर ते याच कुळांतले समजावेत.

त्यांपैकीं 'क्लॅश रोयाल' हा खेळ येथें उदाहरणादाखल घेऊं. फिनलंडच्या हेलसिंकी शहरांतील 'सुपरसेल' या कंपनीनें तो २०१६ सालीं सर्वत्र प्रसिद्ध केला. दोन्ही पक्षांस प्रत्येकीं तीन बुरूज असतात. आपले राखावयाचे व दुसऱ्याचे पाडावयाचे. त्यासाठीं आठ निरनिराळ्या पत्त्यांचा संच घेऊन उतरावें लागतें. हातांत एका वेळीं चारच पत्ते राहतात. एक टाकला कीं तो रांगेच्या शेवटीं जातो, आणि आणखी चार पत्ते टाकल्यावांचून परत हातीं येत नाहीं. प्रत्येक पत्त्यास किंमत आहे. ती 'एलिक्सिर' नांवाच्या रसांत मोजतात. हा रस आपोआप भरत असतो, साधारणपणें २.८ सेकंदांस एक माप, आणि दहा मापें भरलीं कीं सांठा तुडुंब होतो. त्यापुढचें वाया जातें.

एवढे नियम ध्यानांत आले म्हणजे नवशिक्याची चूक कोठें होते हें सहज कळेल. तो आपल्याजवळचे सर्वांत बलाढ्य, सर्वांत दुर्मिळ व सर्वांत दिमाखदार असे आठ पत्ते उचलतो. 'गोलेम' या पाषाणपुरुषाची किंमत आठ मापें आहे. म्हणजे रिकाम्या सांठ्यापासून तो रणांत उतरविण्यास बावीस सेकंदांहून अधिक काळ लागतो. असे दोन-तीन महारथी एकाच संचांत भरले, तर शत्रूचें सैन्य बुरुजापाशीं येऊन ठेपतें आणि खेळाडू हातांत चार अजस्र पत्ते धरून रस भरण्याची वाट पाहत बसतो. गोलेमाचा संच वाईट असतो असें नव्हे. पण त्याच्या सोबतीस स्वस्त पत्ते लागतात, आणि नेमकी हीच गोष्ट मुलें विसरतात.

येडशीच्या रामलिंगाविषयीं अशी लोकसमजूत आहे कीं, सीतेस घेऊन जाणाऱ्या रावणाशीं जटायु तेथें झुंजला. जटायूचा पराक्रम उणा नव्हता, परंतु तो एकटा होता. पुढें रामानें लंकेवर चाल केली तेव्हां सैन्यांत समुद्र उल्लंघणारा हनुमान होता, सेतू बांधणारा नल होता, शिष्टाईस अंगद होता आणि वनौषधि जाणणारा सुषेणही होता. सगळेच हनुमान असते तर सेतूचें काम अडलें असतें, आणि मूर्च्छित लक्ष्मणाची नाडी पाहावयास कोणी उरलें नसतें! पत्त्यांचा संच जुळविणें म्हणजे अशीच सेना उभी करणें होय.

त्याचा एक नमुना या खेळाच्या जाणत्यांमध्यें सुप्रसिद्ध आहे. त्याचें नांवच मुळीं त्याच्या सरासरी किमतीवरून, 'हॉग २.६' असें पडलें. त्यांत रानडुकरावर स्वार झालेला हॉग रायडर (४), बंदूकधारी मस्केटिअर (४), तोफ म्हणजे कॅनन (३), फायरबॉल (४), आइस गोलेम (२), लॉग नांवाचा लांकडी ओंडका (२), आइस स्पिरिट (१) आणि स्केलेटन्स म्हणजे हाडांचे चिमुकले सांपळे (१) आहेत. बेरीज २१; आठांनीं भागिल्यास २.६ हून किंचित् अधिक. या आठांत ओंडका तेवढा 'लेजेंडरी' या दुर्मिळ वर्गांतला. बाकीचे सारे खालच्या दोन वर्गांतले.

आतां प्रत्येकाचें काम पाहावें. जिंकण्याचें साधन एकच, हॉग रायडर. तो वाटेंतील सैनिकांकडे ढुंकूनही न पाहतां थेट बुरुजावर धांवतो. तोफ शत्रूच्या अशाच धांवत्या योद्ध्यांस बुरुजापासून दूर ओढते. ओंडका जमिनीवरील किरकोळ गर्दी लोळवितो, फायरबॉल दाट घोळक्यावर पडतो. आकाशांतून येणाऱ्यांस रोखण्याचा मुख्य भार मस्केटिअरवर असतो. कारण तोफ व ओंडका हीं दोन्ही जमिनीपुरतींच. म्हणून शत्रूजवळ 'बलून' आहे असें दिसतांच मस्केटिअर उगाच खर्चूं नये. आणि तीं हाडांचीं पोरें कशाला? हॉग रायडर टाकल्यावर सांपळे, स्पिरिट, आइस गोलेम व ओंडका हे चार पत्ते टाकले कीं तो पुन्हां हातीं येतो. या चारांचा खर्च सहा मापें, हॉगचा चार, एकूण दहा. म्हणजे साध्या वेगानें दर अठ्ठावीस सेकंदांस एक नवी स्वारी! शत्रूचा उतारा अजून रांगेंत असतांनाच दुसरा वार होतो. संचाचें सारें रहस्य या त्रैराशिकांत आहे.

देवघेवीचा हिशेबही असाच. पांच मापांची 'मिनियन होर्ड' ही उडती टोळी तीन मापांच्या 'ॲरोज'नें गारद झाली, तर खेळाडू दोन मापांनीं वर राहतो. वाण्याच्या दुकानीं जें चातुर्य लागतें, तेंच येथें.

याठिकाणीं पैशाची गोष्ट सांगणें अवश्य आहे. पत्त्यांची पायरी वाढविण्यासाठीं त्याच पत्त्याच्या पुष्कळ प्रती व सुवर्णनाणीं जमवावीं लागतात. तीं खेळून हळूहळू मिळतात, आणि खरे रुपये भरल्यास लवकर. अशा खेळांतून काय मिळेल हें बरेचदां यदृच्छेवर असतें. न दिसणारा माल विकत घेण्याच्या या पद्धतीस बेल्जियमच्या जुगार-नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं कांहीं खेळांच्या बाबतींत जुगार ठरविलें. भारतांत २०२५ च्या ऑगस्टांत झालेल्या कायद्यानें पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ बंद केले. क्लॅश रोयाल त्या व्याख्येंत बसत नाहीं, म्हणून पालकांनीं येथें कायद्याच्या भरंवशावर राहूं नये. मुलगा पैसे मागूं लागला, तर त्यास प्रथम आठ पत्त्यांची बेरीज व सरासरी कागदावर मांडावयास सांगावें. पुष्कळदां उणीव पायरीची नसून जोडणीची असते.

संच जुळल्यावर तो न बदलतां वीस डाव तरी खेळावेत. एका पराभवासरशीं चार पत्ते फिरविणाऱ्यास दोष कोणाचा हें कधींच कळत नाहीं. प्रत्येक हारेनंतर दोनच गोष्टी टिपाव्यात: कोणत्या पत्त्यानें आपणांस मारलें, आणि त्या वेळीं आपल्या हातांत कोणता पत्ता निरुपयोगी पडून होता. एकच नांव पुनःपुन्हां आलें, तर तेवढा पत्ता बदलावा, सरासरी नव्यानें काढावी आणि पुन्हां वीस डाव. कंपनी मधूनमधून पत्त्यांचें बळ कमीअधिक करीत असते, त्यामुळें ही वही मिटून ठेवण्याची वेळ सहसा येत नाहीं.