वजन बेताचं, तरी चरबी जास्त? मार्केट यार्डातून समजून घ्या लठ्ठपणाचं गणित

पुणे : गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पालेभाजीचा भाव शेकडा जुड्यांवर ठरतो आणि आवक घटली की लगेच चढतो. शेजारच्या भुसार बाजारात मात्र साखर, मैदा आणि १५ किलोचे तेलाचे डबे बारा महिने मिळतात. शहराच्या ताटात काय पडतं, हे या फरकावरूनही ठरतं.

नेमकं काय बदललं?
१९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. आज देशाला लागणारं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं, त्यात सर्वांत मोठा वाटा पाम तेलाचा. फरसाण आणि बिस्किटांना ते स्वस्त पडतं. मेथीची जुडी दोन दिवसांत पिवळी पडते, पुडा कित्येक महिने टिकतो. किराणा दुकानदार काय जास्त ठेवणार, हे उघड आहे.

आकडे काय सांगतात?
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशात जास्त वजनाच्या महिलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होतं. २०१९-२१ मध्ये ते २४ टक्क्यांवर गेलं. पुरुषांमध्ये ते २२.९ टक्के आहे.

काटा पुरेसा का नाही?
पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. याची मुळं गर्भापर्यंत जातात. पुण्याजवळच्या गावांतील अभ्यासात, गरोदरपणी पालेभाज्या आणि फळं वरचेवर खाणाऱ्या मातांची बाळं जन्मतः अधिक वजनाची आढळली.

ताटात किती भाजी हवी?
राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, २००० कॅलरींच्या आहारात रोज ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं हवीत. म्हणजे चौघांच्या घरात दिवसाला साधारण दीड किलो भाजी. भाव चढले की पहिली कात्री इथेच लागते.

सरकारनं काय केलं?
२०१६ मध्ये राज्यानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, त्यामुळे शेतकऱ्याला थेट विक्रीची वाट मिळाली. दुसरीकडे, सप्टेंबर २०२५ मध्ये फरसाण-बिस्किटांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. पुडा आणखी स्वस्त होण्याची वाट मोकळी झाली.

तुम्ही काय कराल?
वजनासोबत कमरेचा घेरही मोजा. पुरुषांमध्ये ९० आणि महिलांमध्ये ८० सेंटिमीटरच्या वर गेला, तर डॉक्टरांचा सल्ला घ्या.