नखांची बुरशी आणि गंधक
भातलावणीच्या चिखलात दिवसचे दिवस भिजलेल्या पायांच्या अंगठ्याचे नख पिवळसर, जाड व ठिसूळ होऊन त्याखाली पांढुरका चुरा साठू लागला, की खरजेवरचा गंधक व खोबरेल तेलाचा लेप तेथेही लावण्याकडे पुष्कळांचा कल असतो. आणि नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार भुरी या बुरशीजन्य रोगावर गंधकच वापरीत असल्याने या उपचारास निव्वळ अंधश्रद्धा म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ट्रायकोफायटन नामक कवक नखाच्या कठीण केराटिनी पत्र्याखाली ठाण मांडून बसते, आणि तेथवर गंधकाचा अंमल चालत नाही. पायाचे नख मुळापासून नवे यावयास 12 ते 18 महिने लागतात. मधुमेह्यांनी तरी कालहरण न करता नखाचा चुरा तपासून घ्यावा व टर्बिनाफिनसारखे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.