७२० मधून चार

२०१४ चा अख्खा उन्हाळा मी न्यू जर्सीतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर पेन्सिलीने आडव्या रेघा मारत काढला. अमेरिकेत लॉ स्कूलसाठी एलसॅट द्यायची होती. तिच्यातल्या एका विभागाला सगळे ‘लॉजिक गेम्स’ म्हणत: ३५ मिनिटांत चार कोडी, म्हणजे एकाला पावणेनऊ मिनिटं. कोरा कागद मिळायचा नाही. आकृती काढायची ती प्रश्नपत्रिकेतल्याच मोकळ्या जागेत.

त्या धर्तीचं एक कोडं मी स्वतः रचलं होतं. सहा जण एकामागून एक गाणार: फिरोज, गौरी, हेमा, जाई, कमल, लीला. हेमाच्या लगेच मागून जाई. गौरी हेमाच्या आधी कधीतरी. लीला फिरोजच्या आधी. कमल चौथी. सहा जणांचे क्रम होतात ७२०. एकेक तपासत बसलं तर वेळ संपलीच. म्हणून सहा रेघा मारायच्या, चौथीवर ‘क’ लिहायचा आणि हेमा-जाईची जोडी कुठे मावते ते पाहायचं. अगदी सुरुवातीला नाही, कारण आधी गौरी हवी. मध्ये कमल आडवी येते. उरल्या दोनच जागा: दुसरी-तिसरी, नाहीतर पाचवी-सहावी. जोडी दुसरी-तिसरी असेल तर गौरी पहिली, लीला पाचवी, फिरोज सहावा, सगळं ठरलं. पाचवी-सहावी असेल तर गौरी, लीला, फिरोज पहिल्या तीन जागांवर, त्यांचे तीनच क्रम. झाले चार. आता कुठे प्रश्नांकडे वळायचं! पाचवं कोण गाऊ शकेल? लीला किंवा हेमा. उत्तराला दहा सेकंदही लागत नाहीत.

सगळी मेहनत ती प्रश्नांच्या आधीची. एकदा सरावात मी ‘आधी’ हे ‘लगेच आधी’ असं वाचलं आणि त्या कोड्याचे सगळे प्रश्न गेले. ‘ओन्ली इफ’ला तर मी हमखास अडखळायचे. शेवटी मराठीचाच आधार घेतला. ‘कमल गाईल तर लीला गाईल’ आणि ‘कमल गाईल तरच लीला गाईल’: एका ‘च’ने बाण उलटा फिरतो.

या विभागाविरुद्ध एका अंध उमेदवाराने कोर्टात दाद मागितली होती. ज्या कोड्यांना आकृती काढावी लागते, त्यांवर माझी पारख कशी करता, असं त्याचं म्हणणं. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून हा विभाग गेला. मला तो जिवापाड आवडायचा, तरीही त्याचं म्हणणं मला पूर्ण पटतं. त्या रेघा नसत्या तर चारपर्यंत मी पोचलेच नसते.

माझी भाची सध्या एलसॅटची तयारी करतेय. कोडी गेली, ‘ओन्ली इफ’ मात्र आहेच. परवा ती त्याच्यावरच अडली. मी तिच्या वहीत ‘तरच’ लिहिलं आणि ‘च’भोवती गोल काढला.