१०, किंग हेन्रीज रोड : स्मारक झाले, शिष्यवृत्तीच्या हप्त्याचे काय?

मागील हिवाळ्यात एका शनिवारी मध्यरात्री आमचा फोन वाजला. "जय भीम काका, आज मी बाबासाहेबांचं घर पाहून आले!" पवनी तालुक्यातील आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याची ही मुलगी. बाप धानाच्या बांधीत राबणारा. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर ती उत्तर इंग्लंडमधील एका विद्यापीठात शिकते. तिचे उत्पन्नाचे दाखले आणि शपथपत्रे भंडाऱ्याच्या कोर्टात आम्हीच तयार केली होती, म्हणून हा फोन.

लंडनमध्ये पाहण्यासारखे काय कमी आहे? सोबतची मुले राजवाडा आणि टॉवर पाहायला गेली. ही मात्र एकटीच चॉक फार्म स्टेशनवर उतरली आणि विचारत विचारत किंग हेन्रीज रोडवरील १० नंबरच्या घरासमोर उभी राहिली. भिंतीवर निळी गोल पाटी. १९२१-२२ साली बाबासाहेब येथे राहत होते, असे त्यावर कोरलेले. "काका, पाटी वाचली आणि पाय हलेनात," ती म्हणाली. नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील बाबासाहेबांचा अर्धपुतळा पाहिला, ग्रेज इन बाहेरूनच पाहिले आणि रात्रीच्या बसने ती परतली. आम्ही विचारले, "रेल्वेने का नाही गेलीस?" क्षणभर ती बोललीच नाही. मग म्हणाली, "हप्ता आला नाही काका. चार महिने झाले. खोलीचं भाडं मैत्रिणीकडून उसनं घेतलंय."

बंधूंनो आणि भगिनींनो, हीच गोष्ट आम्हाला सांगायची आहे.

ज्या शहरात ही मुलगी एका दिवसासाठी गेली, त्याच शहरातून १९१७ साली बाबासाहेबांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले होते. कशामुळे? बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे, तर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून! अपुरा अभ्यास पूर्ण करण्यासाठी विद्यापीठाने चार वर्षांची सवलत दिली. ती वाया जाऊ नये म्हणून त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पै पै साठविली, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्ज काढले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी.एस्सी. एका शिष्यवृत्तीच्या मुदतीपायी जगातील एका महान विद्वानाची तीन वर्षे खर्ची पडली. ही ठेच त्यांनी विसरली नाही. १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात जाताच त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या मागितल्या. आज आमची लेकरे विमानात बसतात, ती त्या मागणीची पुण्याई आहे.

महाराष्ट्र शासनाने २०१५ साली किंग हेन्रीज रोडवरील ते घर विकत घेतले. शेजाऱ्यांच्या आणि स्थानिक कौन्सिलच्या हरकतींना तोंड देऊन २०२० मध्ये संग्रहालयाची परवानगीही मिळविली. याचा आम्हाला अभिमानच आहे. परंतु ज्या घरात बाबासाहेब अर्धपोटी अभ्यास करीत राहिले, ते घर जतन करायचे आणि त्यांच्याच लेकीला परमुलखात भाड्यासाठी हात पसरायला लावायचे, हा कोणता न्याय? स्मारकाचे उद्घाटन ठरल्या दिवशी होते, मग हप्ताच तेवढा टेबलाटेबलांवर का अडतो?

कायद्याचे विद्यार्थी म्हणून आम्ही सांगतो, ही खैरात नव्हे. अनुसूचित जातींच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी घ्यावी, असे संविधानाचे ४६ वे कलम राज्याला सांगते. म्हणून पालकांनी हात जोडून खेटे घालू नयेत. लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी. उत्तर नाही आले तर माहितीच्या अधिकारात फाइल कोणत्या टेबलावर आहे ते विचारावे. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. तरीही दाद मिळाली नाही, तर उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आपल्यापासून दूर नाही. या मुलीच्या बापाकडून आम्ही असाच अर्ज करून घेतला. सहाव्या आठवड्यात हप्ता जमा झाला.

१९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्यात बाबासाहेबांचा पराभव झाला होता. तो डाग आम्ही मतपेटीने धुऊ शकलो नाही, तो आमच्या लेकी धुऊ शकतात. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप सापडला. बुद्धाची ही भूमी आहे. तिथली मुलगी लंडनहून शिकून येईल तेव्हा तिची मिरवणूक काढाच. पण त्याआधी तिचा हप्ता वेळेवर पोहोचेल, एवढे पाहा.

हप्ता जमा झाला त्या दिवशी बाप आमच्याकडे पेढे घेऊन आला. पैशाबद्दल एक शब्द नाही. म्हणाला, "वकील साहेब, पोरीनं बाबासाहेबाचं घर पायलं!"

जय भीम!