अतिस्थौल्य, शस्त्रक्रिया आणि घरचा आग्रह

शरीरानें भरलेला मनुष्य खात्यापित्या घरचा, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. दुष्काळाच्या दिवसांत ती साहजिक होती. परंतु आमच्या भांडगांवच्या परिसरांत कालव्याचें पाणी, ऊस आणि दारोदार मोटारसायकल येऊन आतां बराच काळ लोटला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील २१ व्या अध्यायांत अतिस्थूलाची गणना आठ निंदित शरीरांत केली असून, स्थौल्य हें कार्श्यापेक्षां चिकित्सेस अधिक अवघड मानिलें आहे.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत हा प्रश्न सध्यां उभा आहे. थोरला मुलगा ३८ वर्षांचा; उंची १६८ सेंटिमीटर, वजन १२८ किलो. मधुमेह आहे, आणि रात्रीं झोपेंत श्वास अडकतो. पुण्याच्या शल्यवैद्यांनीं जठराची शस्त्रक्रिया, तीही रोबोच्या साहाय्यानें, सुचविली आहे. आईस भय वाटतें. चुलते म्हणतात, "तोंड आवरलें असतें, तर ही वेळ आली नसती." उभयतांनीं आमचें मत विचारलें, तें येथें मांडतों.

प्रथम गणित पाहूं. किलोंतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागिलें म्हणजे जो अंक येतो, त्यास डॉक्टर बीएमआय म्हणतात. येथें तो ४५ हून थोडा अधिक येतो. शल्यवैद्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनीं २०२२ सालीं ३५ पासून शस्त्रक्रियेची शिफारस केली आहे. आशियाई लोकांकरितां तर २७.५ पासूनच तिचा विचार व्हावा, असें म्हटलें आहे. याचें मर्म पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' साप्ताहिकांत दाखविलें. त्यांचा स्वतःचा व त्यांच्या इंग्रज सहकाऱ्याचा अंक सारखाच, २२.३, परंतु शरीरांतील मेद सहकाऱ्याचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के! आपल्या देहांत मेद लपून असतो, तो असा.

चुलत्यांचा बोल मात्र अन्यायाचा आहे. वजन उतरूं लागलें कीं शरीर भूक वाढवितें व उष्णतेचा खर्च कमी करितें. त्यामुळें इतक्या स्थौल्यांत केवळ निग्रहानें उतरविलें वजन बहुधा परत येतें.

शस्त्रक्रियेचे दोन प्रकार विशेष रूढ आहेत. एकांत जठराचा सुमारें ७५ ते ८० टक्के भाग काढून उरलेल्याची नळी करितात. दुसऱ्यांत जठराची लहानशी पिशवी करून ती लहान आंतड्यास जोडितात. दोहोंनीं पोट लवकर भरतें आणि भुकेचे संदेशही बदलतात. श्री. नितीन गडकरी यांनीं २०११ सालीं मुंबईंत वजनाची शस्त्रक्रिया करून घेतल्यापासून ही गोष्ट महाराष्ट्रास अपरिचित राहिली नाहीं.

रोबो हें नांव ऐकून आईनीं भिऊं नये. यंत्र आपल्या बुद्धीनें कांहींच कापीत नाहीं. शल्यवैद्य जवळच बसून त्याचे हात चालवितो. मात्र यानें खर्च वाढतो, आणि साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेहून फळ निश्चित सरस मिळतें असें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. म्हणून यंत्र कोणतें हें विचारण्यापूर्वीं, वैद्यानें अशा शस्त्रक्रिया किती केल्या हें विचारावें.

वजनाचा सुमारें चौथा हिस्सा, कित्येकांचा त्याहून अधिक, उतरतो. म्हणजे हा गृहस्थ ९६ किलोंच्या आसपास येईल; सडपातळ होणार नाहीं, परंतु मधुमेह व श्वास यांत मोठा उतार पडण्याचा संभव आहे. टांका पाझरणें, रक्तस्राव, फुप्फुसांत गुठळी हे धोके थोडे, पण खरे आहेत. जीवनसत्त्वें, लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. आतां वजन उतरविणारीं नवीं इंजेक्शनेंही मिळतात. तीं आधीं वापरावीं काय, हेंही वैद्यास विचारावें.

आतां घराविषयीं. शस्त्रक्रिया एकाच्या पोटावर होते, पण पथ्य साऱ्या स्वयंपाकघरास लागतें. "एवढी एक पुरणपोळी, माझ्यासाठीं," हा आपला आग्रह अशा मनुष्यास ओकारी आणील. गोडानें घाम, धडधड व चक्कर येईल. त्याचें ताट लहान, घांस बारीक, जेवण सावकाश. पाणी जेवणाबरोबर नव्हे, मागाहून. शाकाहारी घरांत डाळ, मोड आलेलीं कडधान्यें, दहीं व पनीर हे पदार्थ आधीं वाढावे, भात मागून. एकादशीची साबुदाण्याची खिचडी त्यास पुरणार नाहीं. तेव्हां उपवासाची मोकळीक वडीलधाऱ्यांनींच आपण होऊन द्यावी. त्यास मागावी लागूं नये.

आमचें मत असें: तपासण्या निर्दोष आल्या, विमापत्राच्या अटी वाचून झाल्या आणि मुलानें स्वतः निश्चय केला, तर कुटुंबानें संमति द्यावी. मात्र तारीख ठरविण्यापूर्वीं आईनीं व चुलत्यांनीं एकदां त्याच्याबरोबर आहारतज्ज्ञाकडे जाऊन बसावें. कारण पुढें ताट वाढणार तेच आहेत.